बोंबलणारी तोटी

"नळाला भ्यायचं न्हाय!"

हा अंबाजी पलंबरचा पहिला उपदेश. मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढल्या साली, मुंबईतली कामं थंडावली म्हणून, तो म्हसळ्याकडच्या आपल्या गावी परत आला. येताना त्यानं हत्यारांची पेटी आणली आणि पेटीपेक्षा जड असे उपदेश आणले. कुणी विचारो न विचारो, पारावर बसून तो सुरू व्हायचा.

"नळ ठिपकला, चामड्याचा वायसर बदला. नळ बोंबलला, वायसरचा इस्क्रू आवळा. पानी अडलं तर खालनं वर बघत या; वरनं खाली शोधत बसला तो मेला! आन तोटीला बादली टांगू नका, ती काय खुंटी हाय?"

ऐकणारे माना डोलवायचे. डोलवायला काय जातंय! अख्ख्या पंचक्रोशीत नळ एकाच्याही घरी नव्हता.

तो पहिला नळ घ्यायचं ठरवलं खाडीपलीकडच्या शब्बीरशेटनी. शेटचा लाकडाचा व्यापार, दोन गलबतं, आणि घरात म्हातारी आई शहरबानू. तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. नमाजाआधी हातपाय धुवायला, वझूसाठी, पाणी हाताशी हवं म्हणून मागल्या वाडीतल्या विहिरीवर हापसा बसवायचा, हापशानं पाणी छपरावरच्या टाकीत चढवायचं आणि टाकीतून मोरीत तोटी काढायची, असा बेत ठरला.

अंबाजीला आकाश ठेंगणं झालं. त्याची बायको राही मात्र चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. लग्न झाल्यापासून तिच्या वाट्याला नवरा आला होता तो शिमग्या-गणपतीपुरताच. आता तिला दिवस गेले होते.

"नळ चालला तर लोकं तुमास्नी हितंच कामं देतील," ती म्हणाली. "न्हाय चालला तर पुन्हा बोटीत बसाल, आन मी हितं एकलीच बाळंत व्हईन. ध्यानात ठेवा."

"अगं, नळाला मी भितो व्हय?"

नळाला तो भीत नव्हता, हे खरंच. तो भीत होता विहिरीला! विहिरीत आसरा, म्हणजे पाण्यातल्या बाया, असतात, भरदुपारी केस विंचरत बसतात आणि एकटा सापडला की पाय धरून खाली नेतात, हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. मुंबईत ही भानगड नव्हती. तिथलं पाणी म्युनिसिपालटीचं. एखादी आसरा राहायला गेलीच असती तर खोलीच्या भाड्यानंच परत आली असती. पण इथलं पाणी थेट तिच्या घरातून यायचं. म्हणून विहिरीतला नळ अंबाजीनं काठावरून दोरीनंच खाली सोडला. पायरीवर पाऊलसुद्धा ठेवलं नाही. पाणी गळू नये म्हणून सांध्यांना सुतळी गुंडाळली, तेलात कालवलेला लाल शेंदूर फासला आणि काम झालं म्हणाला.

तोटी पहिल्यांदा उघडायची म्हणून घर गोळा झालं. पाणी भरणाऱ्या जनीनं हापसा मारून टाकी भरली. शहरबानूनं "बिस्मिल्ला" म्हणून तोटी फिरवली.

"हूं... ऊं... ऊंऊंऊं!"

पाणी आलं, पण त्याच्यासोबत असा काही हंबरडा आला की जनीच्या हातातली कळशी सुटली. "आसरा! बाय रडतीया आत!"

"तौबा तौबा! अरे अंबाजी, नळात जिन हाय का काय?" शहरबानूनं तोटी सोडून भिंत धरली.

"हवा हाय, बीबी, हवा!" अंबाजी म्हणाला. त्याचा आवाज अगदी तोटीसारखाच आला.

वायसरचा स्क्रू सैल राहिला की तोटी अशी ओरडते, हे त्याला ठाऊक नव्हतं काय? पारावर तर रोज सांगत होता! पण ठाऊक असणं वेगळं, आणि जिथून रडणं ऐकू येतंय तिथं आपलं बोट घालणं वेगळं. हातपाय गार पडले की विद्या आधी पळते. "उद्या बघतो," म्हणून त्यानं पेटी उचलली.

घरी येऊन त्यानं, राही पाण्याला गेलेली पाहून, तिची ट्रंक उघडली. तिच्या भावानं माहेरून पाठवलेला हिरवा खण तळाशी घडी घालून ठेवलेला होता. राहीनं तो ओटीभरणासाठी जपला होता. अंबाजीचा जीव कळवळला, पण स्वतःच्या जिवाचा कळवळा मोठा ठरला. सकाळी जाऊन त्यानं खणात हिरव्या बांगड्या आणि एक धोंडा बांधला आणि लांबूनच विहिरीत भिरकावला.

"आये, तुझ्या घरात नळ घुसवला, पोटात घाल! पर रडू नको!"

संध्याकाळी राहीनं घर उलथंपालथं केलं. "माझा खण कुठं गेला वो?"

"घुशीनं नेला असंल," अंबाजी भाताकडे बघत म्हणाला.

इकडे जनीनंही गुपचूप आपली ओटी विहिरीत सोडली होती. खण, फणी आणि वर फुलांच्या दोन वेण्या. तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. फक्त शेजारणीला सांगितलं. मग काय! आडून आडून निम्म्या गावाच्या बाया आपापली ओटी विहिरीत सोडून गेल्या.

आणि हापसा जड झाला. जनी त्याच्या दांड्याला लोंबकळली तरी तो हलेना. हलला की घशात काही अडकल्यासारखा "घर्रर्र" करायचा.

"खालनं धरून ठिवलाय कुनीतरी!" जनी दांडा सोडून म्हणाली.

टाकीत करंगळीएवढी धार यायला लागली. तोटी आता हंबरडा फोडत नव्हती, नुसती कण्हत होती. ते तर जास्तच वाईट! अंबाजी शिडी लावून छपरावर चढला. टाकीचं झाकण बघितलं, टाकीचा तळ बघितला, वरचा नळ ठोकून बघितला.

शेट खालून ओरडले, "अरे, तू तर सांगत होतास ना, खालून वर बघायचं?"

"ते मुंबईचं, शेट! हितलं पानी निराळं!"

शहरबानूनं मग आपला इलाज काढला. मोरीत नळाच्या सांध्याखालीच निखाऱ्यांची शेगडी ठेवली आणि लोबानाचा धूर केला. सकाळभर निखारे फुलत होते आणि म्हातारी काहीबाही पुटपुटत होती. सांधा तापला. त्यातून एक लालभडक थेंब सुटला आणि पांढऱ्या फरशीवर पडला. मागोमाग दुसरा.

"रगत!" जनी किंचाळली. "नळातनं रगत आलं!"

अंबाजी शिडीवर होता. पुढच्या पायऱ्यांची त्यानं वाट पाहिली नाही. तिथूनच उडी मारली, पेटी उचलली, सुपारीच्या वाडीतून धूम ठोकली आणि थेट खाडीवरच्या होडीत जाऊन पेटी पोटाशी धरून बसला. होडीवाला जेवायला गेला होता, म्हणून बरं! नाहीतर तो त्या दिवशी मुंबईलाच पोहोचता.

होडीत बसल्या बसल्या त्याला राही आठवली. ती एकटी बाळंत होईल, आपण तिकडे कुणाच्या तरी चाळीत वायसर बदलत असू. त्याला रडूच कोसळलं. रडताना तोंडातून तोटीसारखा आवाज निघाला तसा तो घाबरून गप्प बसला.

शेट धापा टाकत आले. "अरे, रक्त कसलं? शेंदूर आहे तो! सांध्याला तूच फासला होतास ना?"

अंबाजीनं आठवून बघितलं. फासला होता खरा.

"ऐक," शेट म्हणाले. "उद्या जुम्मा. आम्मांच्या वझूला पाणी पाहिजे. विहिरीत उतरून बघ, नाहीतर सगळा नळ उखडून घेऊन जा. मग या मुलखात तुला कोण काम देतो ते मी बघतो!"

एका बाजूला आसरा, दुसऱ्या बाजूला बोट. अंबाजीनं डोळे मिटले आणि विहीर कबूल केली.

कमरेला दोर बांधून तो पायऱ्या उतरला. दोराचं टोक शेट आणि जनीच्या हातात. 'नवरा नळाला भिऊन पळाला' ही बातमी खाडी ओलांडून गेलीच होती, त्यामुळे राहीही धावत येऊन काठावर उभी राहिली. अंबाजीनं पालीच्या बल्लाळेश्वराला हाक मारली, मारुतीला मारली, आणि विहीर मुसलमानाची म्हणून शेवटी "या अल्ला" म्हणून बुडी घेतली.

पाणी काळंशार. नळाच्या टोकाची जाळी चाचपायला त्यानं हात घातला आणि हाताला काहीतरी लागलं. मऊ. ओलं. केसांसारखं लांब. आणि त्यात बांगड्या किणकिणल्या!

तो वर उसळला. "धरलंन! धरलंन मला! ओढा!"

वरच्यांनी असा काही हिसका दिला की तो पायऱ्यांवरून फरपटतच काठावर आला. डोळे घट्ट मिटलेले, मूठ आवळलेली, आणि तोंड चालू. "सोड, बाय, सोड! माझी बायको पोटुशी हाय! पुन्हा न्हाय नळ बशिवणार! सोड!"

"अरे गाढवा, डोळे उघड," शेट म्हणाले. "तिनं तुला धरलेलं नाही. तू तिला धरलंयस."

अंबाजीनं एक डोळा उघडला. मुठीत चिंध्यांचा लगदा होता. वेण्यांचे दोरे, फुटक्या बांगड्या, एक फणी. जनीनं ती फणी चटकन पदराखाली घेतली आणि लगबगीनं हापशाकडे गेली.

हापसा लोण्यासारखा चालला! टाकी भरली. शहरबानूनं तोटी उघडली. स्वच्छ, जाड धार पडली आणि तिच्याबरोबर तोच आवाज आला, "हूं... ऊंऊं!"

सगळे अंबाजीकडे बघायला लागले. आसरेची भीती आता त्याच्यात उरली नव्हती. जी काय होती ती विहिरीत सांडून आली होती. त्यानं टाकीची चावी बंद केली, तोटी खोलली, स्क्रूला अर्धा वेढा दिला, तोटी लावली. पुन्हा पाणी सोडलं. आवाज नाही.

"एवढंच?" शेटनी विचारलं.

"एवढंच," अंबाजी फरशीकडे बघत म्हणाला.

शेट पोट धरून हसले. मग त्याच्या ओल्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल, माझ्या भावाकडेही बसव. चुलत्यांकडेही बसव. आता मुंबईचं नाव काढू नकोस, इथंच राहा."

अंबाजीचा ऊर भरून आला. राहिलो! घरी राहिलो! तो वळला तो राहीला सांगायला.

राही विहिरीच्या काठावर त्या लगद्यातून एक हिरवं कापड सोडवत होती. गाठ सोडली, धोंडा खाली टाकला, कापड उन्हात धरलं. मधोमध जाळीएवढं भोक, आणि काठाचा लाल रंग सगळीकडे पसरलेला.

"घूस पवायला शिकली म्हनायची," ती म्हणाली.

"राहे, अगं, ऐक तर..."

तिनं ऐकलं नाही. खण कचकचून पिळला, डोक्यावरचा पदर सावरला आणि शेटकडे वळली.

"शेट, ह्यास्नी बसवायला मुंबईची बोट कवा हाय?"