स्नानद्रोणात बसणे व उठणे (गुण वीस)

माणूस बरा झाला की नाही, हे त्याचं त्याला कळत नसतं. ते दुसऱ्या कुणालातरी ठरवावं लागतं, आणि ठरवणाऱ्यापाशी छापील फॉर्म असावा लागतो. फॉर्म नसेल तर रोगी नुसताच बरा होतो, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नसतो.

हे मी सात वर्षांच्या अनुभवाने सांगतो. परळच्या एका मोठ्या इस्पितळात (नाव सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे) तिसऱ्या मजल्यावर आमचा पुनर्वसन विभाग आहे. हाडं जुळली पण हातपाय ऐकेनात, अशी माणसं तिथे महिना-महिना राहतात, आणि मी त्यांना उठवतो, बसवतो, चालवतो. याला फिजिओथेरपी म्हणतात. रोगी मला ‘मास्तर’ म्हणतात. आमचे अप्पा गिरगावातल्या शेजाऱ्यांना ‘आमचा शरदचंद्र मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली असतो’ असं सांगतात आणि घरी मला मालिशवाला म्हणतात.

आमचे मोठे डॉक्टर म्हणजे मनमोहन विजयकर. विलायतेहून येताना त्यांनी दोन वस्तू आणल्या, एक पाइप आणि एक फॉर्म. पाइप ते ओढत नाहीत, नुसता धरतात. फॉर्म मात्र मनापासून वापरतात. एकूण गुण शंभर. नव्वद मिळाले की रोगी बरा, घरी जायला मोकळा. खुर्चीवरून उठणे, खुर्चीवर बसणे, कठडा धरून सहा पायऱ्या चढणे, हातमोजे स्वतः चढवणे, अर्धं कच्चं उकडलेलं अंडं चमच्याने खाणे (शाकाहारी असल्यास नुसता चमचा). आणि सर्वांत भारी रकाना बाथटबचा. आत शिरून पाय लांब करून बसायचं, कठड्याला धरून उठायचं. गुण वीस. म्हणजे बाकी सगळं जमलं आणि टब जमला नाही, तर तो माणूस कायद्याने आजारी.

टब आम्हाला मलबार हिलवरच्या एका मायदेशी परतणाऱ्या साहेबाने दिला. बिडाचा, चार पंजांवर उभा. वर चढवायला नऊ हमाल लागले, त्यांतला एक पुढे आमच्याकडेच दाखल झाला. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नसल्याने आंघोळ कोरडी होते. ती कपड्यांसकट असते, तरीही लज्जारक्षणासाठी भोवती पडदा आहे. शेवटी कोरडं अंग कोरड्या टॉवेलने पुसायचं. शिस्त ती शिस्त.

गेल्या सालचे आकडे पाहा. एकूण रोगी दोनशे बारा. घरी टब असलेले, एक (पारशी गृहस्थ; ते त्यात मासे पाळत). उकिडवं बसल्यावाचून ज्यांचा दिवसच उजाडत नाही असे, दोनशे अकरा. उकिडवं बसण्याला गुण, शून्य. विजयकर साहेबांचं म्हणणं असं की खुर्चीला गुडघा काटकोनात वाकला की पुरे, त्यापुढचं वाकणं ही चैन झाली.

फॉर्म इंग्रजीत होता, हा मात्र उघड अन्याय होता आणि तो आम्ही मुळीच सहन केला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत आमच्या रोग्यांनी कुबड्यांवर व्हरांड्यातून मोर्चा काढला. ‘फॉर्म मराठीत झालाच पाहिजे!’ (त्या मोर्चात तिघेजण सलग चाळीस फूट चालले. त्यांना त्याच दुपारी गुण देण्यात आले.) साठ साली राज्य आलं, आणि हेडक्लार्क शामरावांनी पंधरा दिवस खपून अख्खा फॉर्म मायबोलीत आणला. बाथटबचा ‘स्नानद्रोण’ झाला. अंडं होतं तसंच राहिलं. आम्ही पेढे वाटले, आणि खरं सांगतो, माझा ऊर भरून आला.

मराठी फॉर्मची पहिली मानकरी शिवडीच्या कोळीवाड्यातली तुळसा. मोर्च्यांत तिने चार वर्षं पोलिसांची लाठी चुकवली आणि राज्य मिळाल्याची मिरवणूक बघायला पत्र्यावर चढली, तर पत्राच खाली आला. गुडघ्याखालचं हाड मोडलं. दोन महिने प्लास्टर, मग गुडघा लाकूड.

“मास्तर,” पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “मना उकिडवी बसाला शिकवा. बाकी तुमचा काय तो तमाशा मंग करू.”

तिचं म्हणणं साधं होतं. बाजारात तिची सासूपासूनची जागा. नारळी पौर्णिमेनंतर होड्या परतल्या की पहिल्या बाजाराला तिने तिथे उकिडवं बसायचं, कोयता पायाखाली धरायचा, मासळी कापायची. ती नाही बसली तर जागा नणंदेची. नणंद रखमा दर रविवारी भेटायला यायची, फळं आणायची आणि जाताना गुडघ्याकडे बघून समाधानाने जायची.

“बाई, उकिडवं बसायला फॉर्ममध्ये जागा नाही,” मी म्हणालो.

“मंग कुठं हाय?”

मी टबाभोवतीच्या पडद्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तुळसा पडद्याआड, टबच्या कडेला धरून, इंचाइंचाने खाली बसू लागली. डोळ्यांतून पाणी, तोंडात रखमाच्या नावाने शिव्या. आठवड्याने लालबागचा गिरणी कामगार धोंडू आत शिरला. चाळीतल्या संडासात त्याला बसायचं होतं, आणि बाहेरची रांग थांबत नाही. मग काय, सगळा वॉर्डच नंबर लावून स्नानास जाऊ लागला. मी वहीत लिहीत होतो: ‘स्नानद्रोणाचा सराव, उत्साहवर्धक.’ साहेबांनी राउंडला मिटलेला पडदा पाहिला आणि पाइपसुद्धा क्षणभर खाली ठेवला, इतके ते हेलावले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तुळसाची परीक्षा. अंडं झालं, हातमोजे झाले, ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर. मग ती टबात शिरली, आणि कशालाही न धरता चक्क उकिडवी बसली. पुरी, टाचा टेकवून.

“पाय लांब करा, बाई,” साहेब म्हणाले.

“पाय लांब करून कोन आंघोल करतं, साहेब? मढं?”

एवढं बोलून ती हात न टेकता उभी राहिली आणि बाहेर आली. साहेब फॉर्म वाचत राहिले. पाय लांब केले नाहीत, शून्य. कठडा धरला नाही, शून्य. एकूण अठ्ठ्याहत्तर. अजून चार आठवडे उपचार. हे गुण मी माझ्या हाताने लिहिले. मला शरम वाटली, पण अक्षर चांगलं आलं.

तुळसाने आकडा विचारला, ऐकला आणि पिशवी उचलली.

“म्हंजे मी बरी नाय ना? मंग आजारीच जाते.”

होड्या परतल्या त्या सकाळी मी बाजारात गेलो. तुळसा आपल्या जागेवर, कोयत्यावर पाय, गिऱ्हाइकांची झुंबड. पलीकडे रखमा उभी, पडलेलं तोंड घेऊन. (दप्तरी नोंद: ‘रोगी अपूर्ण अवस्थेत निघून गेली.’)

“या मास्तर! बसा, निवडून घ्या पापलेटं.”

मी मोठ्या डौलात उकिडवा बसलो. पापलेटं निवडली. मग उठायला गेलो, तर उठवेना. सात वर्षं खुर्चीत बसून लोकांचे गुडघे मोजले होते ना! शेवटी तुळसाने मासळीच्या ओल्या हाताने माझं मनगट धरलं आणि भर बाजारात मला उभं केलं.

“किती गुन, मास्तर?” तिने विचारलं. रखमासुद्धा हसली.

आता आपण माझ्या फजितीला हसत असाल, आणि तेही खुर्चीत बसून. तर एवढं करा. हे जरा बाजूला ठेवा, खाली उकिडवे बसा आणि कशालाही न धरता, हात न टेकता उठून दाखवा.

नाही ना जमलं? घाबरायचं काही कारण नाही. आमच्या फॉर्मप्रमाणे आपण पूर्ण बरे आहात. चमचा धरता येतो ना?