तीन माशांचा निर्वाळा

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून नदीत सोडलेलं पाणी शुद्ध आहे की नाही, हे ठरवण्याचे अधिकार आमच्या गावात तीन माशांकडे होते. केंद्राच्या फाटकाशी काचेची एक पेटी होती. तिच्यात प्रक्रिया केलेलं पाणी भरायचं, मासे सोडायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. मासे जिवंत, म्हणजे पाणी उत्तम.

अडचण एवढीच होती की मासे मरत. टाक्यांत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला होता आणि गावाची घाण केंद्रात एक चक्कर मारून जशीच्या तशी नदीला मिळत होती. हंगामी ऑपरेटरने हे साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी रीतसर चौकशी करून मासे हलक्या प्रतीचे असल्याचा निष्कर्ष काढला. ब्लोअरचा प्रस्ताव वर गेला होता आणि वरून पाहणी पथक यायचं होतं. तोवर मासे जगले, तर ऑपरेटरला कायम करण्याचा विचार होईल, असंही साहेब जाता जाता बोलून गेले.

ऑपरेटर काही लबाड माणूस नव्हता. पण कायम होण्याची वाट पाहता पाहता त्याचे केस पिकायला लागले होते. त्याने दुकानातून पिण्याच्या पाण्याचे कॅन आणले आणि गुपचूप पेटीत ओतले.

मासे टुणटुणीत झाले. पथक आलं, पेटीपुढे फोटो काढून घेतले आणि नाकाला रुमाल लावून टाक्यांकडे न फिरकताच गेलं. पुढे सगळं नियमाला धरून झालं. ब्लोअरशिवाय मासे जगतात, त्याअर्थी ब्लोअर अनावश्यक, म्हणून प्रस्ताव निकाली निघाला. नदी शुद्ध आहे, त्याअर्थी नदीकाठच्या खालच्या वस्तीला पाण्याचा टँकर कशाला, म्हणून टँकर बंद झाला. पेटी खोलीएवढी मोठी केली गेली आणि दुकानातले झाडून सगळे कॅन कार्यालयाने ‘परीक्षण साहित्य’ म्हणून राखून ठेवले. ऑपरेटर कायम झाला आणि ही बातमी सांगायला आईकडे गेला. आई खालच्या वस्तीत राहायची.

तिने अंथरूण धरलं होतं. नदीचं पाणी पिऊन तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. आजूबाजूच्या घरांतही तेच चाललं होतं. ऑपरेटरला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना कॅनसकट सगळं सांगून टाकलं आणि टँकर सुरू करा म्हणून हात जोडले.

“कॅनचं मी ऐकलं नाही,” साहेब म्हणाले. “जे पाणी माशांना मानवतं ते तुमच्या आईंना मानवत नाही, मग दोष पाण्याचा कसा? त्यांना डॉक्टरांना दाखवा.”

“मग निदान एक कॅन घरी नेऊ का, साहेब?”

“परीक्षण साहित्य आवाराबाहेर नेता येत नाही.”

त्या संध्याकाळी ऑपरेटरने पेटीचे सगळे कॅन हातगाडीवर घातले आणि वस्तीत नेऊन वाटले. पेटीत केंद्राचं पाणी भरलं. नियमात तेच होतं. आई दोन घोट पाणी प्यायली आणि तिने विचारलं, हे कुठलं?

“माशांचं.”

“मग मलाच ठेव की रे त्या पेटीत. कुणीतरी विचारपूस तरी करील.”

सकाळी माशांनी माना टाकल्या. गाव हादरलं. शोकसभा भरली आणि साहेबांना बोलता बोलता भरून आलं. पेटीत केंद्राचं पाणी भरून माशांच्या जिवाशी खेळल्याबद्दल ऑपरेटरला निलंबित केलं, तेव्हा टाळ्या पडल्या. खालच्या वस्तीतून सभेला कुणी आलं नाही. त्यांना उठवत नव्हतं, पण आम्हांला ते उद्धटपणाचं वाटलं.

घरी आल्यावर आम्ही सगळ्यांनी स्वच्छ हातपाय धुतले आणि हळहळत जेवायला बसलो. मोरीतलं ते पाणी कुठे जातं, हे आम्हांला ठाऊक होतं. पण त्या दिवशी विषय माशांचा होता.