मयत हजर

आमच्या गावच्या ग्रामसभेने माझ्या पुतण्याच्या विनोदी झॉम्बीपटाला एकमताने परवानगी दिली. सभेला एकशे दोन ग्रामस्थ हजर होते. त्यांपैकी एकतीस मयत होते, हे माझ्यामुळे उघडकीस आलं. तसं व्हायला नको होतं.

पुतण्या म्हणजे किरण, माझ्या धाकट्या दिराचा, रतिलालचा मुलगा. जळगावच्या चटईच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो धुळ्याजवळच्या आमच्या गावी परतला आणि मोबाइलवर सिनेमे काढू लागला. रतिलालने त्याला आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत दिली. तोवर सिनेमा झाला नाही, तर पुन्हा कारखाना.

“मेलेली माणसं उठतात, यात हसण्यासारखं काय रे?” मी विचारलं. आमच्या लहानपणी तंबूतल्या सिनेमात एक भूत आलं, की आम्ही आठ दिवस परसात एकट्या जात नसू.

“मोठी माय, ती आपल्यासारखीच चालतात, बसतात, रांगेत उभी राहतात. फक्त आपण मेलोय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. बघणाऱ्याला बरं वाटतं. आपलं तसं नाही ना!”

चावडीसमोर शूटिंग करायचं तर ग्रामसभेचा ठराव हवा. ठरावाला गणपूर्ती हवी, म्हणजे शंभर माणसं. सभेला आले चौघे. ग्रामसेवक प्रेमराजभाऊ मदतीला तत्पर. त्यांनी ठराव तर दिलाच, हजेरीच्या पानांसकट नक्कलही दिली.

किरणने ती हौसेने माझ्याकडे आणली. तिसऱ्या पानावर माझ्या यजमानांची सही होती. ते वारले त्याला अकरा वर्षं झाली. हयातभर अंगठा उठवणारा माणूस, आणि सही कशी? झोकदार, खाली दोन टिंबं! मी ओट्यावर येईल-जाईल त्याला ती दाखवली. अभिमानानंच. मग पुढची नावं वाचत गेले. धुरपदाबाई, मोठ्या पुराच्या साली गेली. नथ्थूआबा, त्यांच्या बैलांच्या आधी पंधरा दिवस. गावात कोण कधी गेलं ते मला तोंडपाठ आहे. मी मोजत होते आणि लोक ऐकत होते. संध्याकाळपर्यंत आकडा तालुक्याला पोचला.

चौकशीला विस्तार अधिकारी आले.

“हे लोक मयत आहेत?”

“साहेब,” प्रेमराजभाऊ म्हणाले, “वहीत हजर आणि गैरहजर असे दोनच रकाने आहेत. मयताला रकाना नाही.”

साहेबांना ते पटलं. रकाना नसताना मयत धरणं नियमबाह्य ठरलं असतं. त्यांनी आदेश काढला: संबंधित एकतीस जणांनी येत्या शुक्रवारी समक्ष हजर राहून सही कबूल करावी, अन्यथा ठराव रद्द. शुक्रवारनंतर पाचच दिवसांनी आखाजी होती.

“मोठी माय, तुला एवढं सगळं लक्षात ठेवायची काय गरज होती?” किरण म्हणाला.

शुक्रवारी त्याने एकतीस झॉम्बी हजर केले. तोंडाला पीठ, डोळ्यांभोवती काजळ. शेजारच्या गावचा लोटन यजमानांच्या जागी होता. त्याने टोपी त्यांच्यासारखीच तिरकी घातली होती. मी सवयीने डोक्यावर पदर घेतला.

तो माझ्याकडे वाकला. “अक्का, मन्हं नाव काय शे?”

“मोतीलाल,” मी म्हणाले. उखाणा सोडला, तर जन्मात पहिल्यांदाच त्यांचं नाव घेतलं.

साहेब नाव पुकारत, झॉम्बी हुंकार देई, साहेब खूण करत. बाहेर खिडक्यांना गाव लटकलं होतं. मोबाइल धरून सगळे खिदळत होते.

“बाई, मयतांची माहिती तुम्हालाच म्हणे,” साहेब म्हणाले. “हे तुमचे यजमान का?”

किरण माझ्याकडे बघत होता.

“होय,” मी म्हणाले. “पण जिवंतपणी सभेला इतका वेळ कधी बसले नव्हते.”

साहेबांनी नोंद केली: मयत एकतीस, सर्व हजर. मग विचारलं, “आणि बाकीचे एकाहत्तर? हयात?”

“ते बाहेर आहेत, साहेब,” मी म्हणाले. “हसताहेत.”

“त्यांची चौकशी माझ्याकडे नाही,” साहेब म्हणाले. ठराव कायम झाला.

सिनेमा वेळेत झाला. आखाजीच्या दिवशी दिवेलागणीला चावडीच्या भिंतीवर दाखवला. सहाशे माणूस जमलं. एवढं गाव एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत सगळे हसले. रतिलालही हसला. “नको जाऊ कारखान्यात,” एवढंच तो किरणला म्हणाला.

प्रेमराजभाऊ वही घेऊन रांगेरांगेतून फिरत होते. बोट दाखवतील तिथं लोक सही करत होते, नजर भिंतीवर. रतिलालने केली. मीही केली. गणपूर्ती पहिल्यांदाच खरी झाली. ठराव कसला होता, ते अजून कुणी विचारलेलं नाही.

तुम्ही अर्थातच वाचून सही केली असती. तुमच्या इमारतीच्या गेल्या सभेत काय ठरलं, तेही तुम्हाला पाठ असेल. तुम्ही हजर होता. वहीत तशी सही आहे तुमची.