वर्तककाकूंची फेरी

वर्तककाकू चर्चचं दार उघडण्याआधी ते ठोठावतात आणि दाराला कान लावून उभ्या राहतात. आत कोणी नसतं. चावीसुद्धा त्यांच्याच पर्समध्ये असते.

आमच्या इंग्लंडमधल्या नॉरिचमध्ये टेकाडावर नॉर्मन राजांचा चौकोनी किल्ला आहे आणि त्याच्याभोवती जिकडेतिकडे मध्ययुगातली चर्चेस. इतकी, की ती भरायला माणसं उरली नाहीत. बरीच कुलपात असतात. त्यांतल्या चारांच्या चाव्या एका ट्रस्टनं काकूंकडे दिल्यात. काकू मूळच्या अलिबागच्या, सत्तरी ओलांडलेल्या, शाळेच्या किचनमधून रिटायर झालेल्या. सकाळी घरच्या गणपतीला फूल वाहायचं, ट्रेनर्स चढवायचे आणि चर्चच्या फेरीला निघायचं.

मी नागपूरचा, वर्क व्हिसावर इथे आलेला, एकटा. दिवाळीच्या फराळाला त्यांची ओळख झाली. मी किल्ला बघायचाय म्हणालो.

"किल्ल्याचं बरं चाललंय. तिकीटवाले आहेत, कॅफे आहे," काकू म्हणाल्या. "शनिवारी माझ्याबरोबर चल."

मला वाटलं रंगीत काचा, छतावरचे लाकडी देवदूत वगैरे दाखवतील. काकूंच्या हातात पाण्याची वाटी आणि जुना टॉवेल होता. देवदूतांकडे त्यांनी पाहिलं, पण त्यांच्यामागे कोणी बसलंय का ते बघायला. येणारे लोक दार उघडं टाकतात, पाखरू आत शिरतं, मग कुलूप लागतं आणि ते काचेवर आपटत राहतं, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी खिडकीखाली एक रॉबिन पक्षी मरून पडला होता. काकूंनी तो उचलला, काचेवरचे डाग पाहिले आणि म्हणाल्या, "चार दिवस झाले. मंगळवारी इथे यायचं होतं, गुडघे दुखत होते म्हणून राहिलं."

मग त्याला टॉवेलात गुंडाळून त्यांनी बाहेर झाडाखाली पुरलं.

पर्यटकांवर मात्र त्यांचा भारी दरारा. "दार लावलं? ओढून बघा." वॉटफर्डहून आलेल्या एका मराठी कुटुंबाला त्यांनी कार पार्कमधून परत बोलावून दार ओढायला लावलं होतं. त्या घरातल्या आजोबांनाही सूट मिळाली नाही.

मी दर शनिवारी जाऊ लागलो. मग जानेवारीत मला ताप आला. दोन दिवस अंथरुणातून उठलो नाही, फोन कधी बंद पडला कळलं नाही. शनिवारी दुपारी दार वाजलं. उठेपर्यंत दारातल्या लेटरबॉक्सची झडप उघडली आणि काकूंचा आवाज आला, "निखिल, नुसता आवाज दे."

मी दार उघडलं तेव्हा शेजारचा माणूस फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होता. काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या मला रागावल्या नाहीत. आत येऊन त्यांनी मऊ भात टाकला, आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या.

काही वर्षांपूर्वी, भाऊ गेला म्हणून त्या तीन आठवडे अलिबागला गेल्या होत्या. इकडे राहिलेल्या नवऱ्याला, वर्तकांना, फोनचा कंटाळा, त्यामुळे फक्त रविवारचं बोलणं ठरलेलं. त्या रविवारी त्यांनी फोन उचलला नाही. काकूंनी तिकडून शेजाऱ्यांना सांगितलं, पोलिसांनी घर उघडलं. वर्तक बाथरूममध्ये पडले होते. सोमवारपासून.

"लगेच गेले असतील," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"नाही रे. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस तरी जिवंत होते." काकू भात ढवळत राहिल्या. "बाथरूमच्या दाराचा रंग खालच्या बाजूला गेलाय. आतून. ठोठावत असणार."

त्यांनी भात वाढला, वर तूप घातलं आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. निघताना स्वतःचा नंबर कागदावर लिहून फ्रीजला लावला. तो माझ्याकडे होताच.

आता रोज सकाळी आठला मी त्यांना फोन करतो. काकू हॅलो म्हणत नाहीत.

"आहे," म्हणतात, आणि फोन ठेवतात.

मग मी ऑफिसला निघतो.