सोळा पट्ट्यांचा व्हरांडा

पहिलीच्या अभ्यासक्रमात 'लांब आणि आखूड' हा पाठ आहे आणि तो शिकवणे सक्तीचे आहे. पहिलीच्या बाईंनी तो शिकवला, एवढाच त्यांचा अपराध. अकरा वर्षांत त्यांनी तो अकरा वेळा शिकवला होता आणि त्यातून कुणाचे काही बिघडले नव्हते.

पद्धत साधी होती. आधी दोन पेन्सिली, मग दोन रिबिनी. दोन्हींचे एकेक टोक फरशीच्या एकाच रेघेवर ठेवायचे आणि दुसऱ्या टोकाकडे बघायचे. पुढे जाते ती लांब, मागे राहते ती आखूड. त्यानंतर वीत, मग पाऊल आणि सगळ्यात शेवटी लाकडी मीटरपट्टी. पट्टी हातात आल्यावर पोरांनी फळा मापला, बाक मापले, आडवे पडायला तयार झालेल्या एका मित्राला मापले. वर्गात मापायला काही उरले नाही, तेव्हा बाईंनी सगळ्यांना बाहेर नेले आणि नवा व्हरांडा मापायला लावला.

व्हरांडा गेल्याच महिन्यात बांधून झाला होता. तोंडाशी दगडी पाटी होती. तिच्यावर उद्घाटकांचे नाव वीतभर उंचीच्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत 'एकूण लांबी २० मीटर'. पोरे खडूने खुणा करत पट्टी पुढे सरकवत गेली. भिंत आली तेव्हा मोजणी सोळावर होती.

"बाई, सोळा," चिमणी म्हणाली. तिचे खरे नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होते. पुढचे दोन दात पडल्यामुळे तिच्या तोंडून सोळासुद्धा शिट्टीसारखे बाहेर पडले.

"काहीतरी चुकलं असेल. पुन्हा मोजा."

पुन्हा सोळा. मग बाई स्वतः गुडघ्यांवर बसल्या आणि खुणा करत दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. सोळाच. आता शहाण्या माणसाने पोरांना वर्गात नेऊन गाणे म्हणायला लावले असते. बाईंनी मापांच्या तक्त्यावर 'व्हरांडा – सोळा मीटर' असे लिहू दिले.

पुढच्या आठवड्यात तपासणी अधिकारी आले. ते सहसा तक्ते वाचत नसत, पण त्या दिवशी ते चष्मा घरी विसरले होते आणि तक्त्यावरचे अक्षर पोरांचे असल्यामुळे मोठे होते. त्यांनी वाचले आणि मुख्याध्यापकांकडे पाहिले. मुख्याध्यापकांनी छताकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी बाईंच्या हातात पत्र पडले. विषय : आपल्या वर्गात व्हरांडा चार मीटरने आखूड भरल्याबाबत. सात दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा.

"खुलासा काय करायचा सर? तो सोळाच आहे," बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या.

"तसं नसतं बाई. व्हरांड्याला पूर्णत्वाचा दाखला आहे. त्यावर सात जणांच्या सह्या आहेत. तुमच्या सोळावर कुणाची सही आहे?"

"पोरांनी मोजलाय."

"तेच म्हणतोय मी."

खुलासा असमाधानकारक ठरला आणि त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. समितीने तीन दिवस काम केले. व्हरांडा तिने मापला नाही, कारण दाखला मिळालेल्या वस्तूचे पुन्हा माप घेणे म्हणजे सह्या करणाऱ्यांवर अविश्वास दाखवणे. समितीने पट्टीची चौकशी केली. पट्टीला दाखला नव्हता. ती कधी आणली, कुणी तपासली, याची कुठेही नोंद नव्हती. शेवटी निष्कर्ष निघाला : व्हरांडा वीस मीटर असल्याचे सिद्ध आहे. तो सोळा पट्ट्यांत भरतो, हेही शाळेला मान्य आहे. सबब पट्टी प्रमाणापेक्षा लांब आहे.

जुन्या पट्ट्या जमा करण्याचा आदेश निघाला आणि महिन्याभरात नव्या आल्या. त्यांच्यावर शंभर रेघा होत्या, शिक्का होता, क्रमांक होता. फक्त रेघा जरा दाटीवाटीने बसल्या होत्या. पोरांनी व्हरांडा पुन्हा मापला. वीस भरला. समितीचे अभिनंदन करण्यात आले.

नव्या पट्टीचा वापर नीट होतो की नाही, हे बघायला तपासणी अधिकारी पुन्हा आले. या वेळी चष्मा लावून. समोरच्याच बाकावर चिमणी होती. त्यांनी जुनी आणि नवी अशा दोन्ही पट्ट्या तिच्यापुढे ठेवल्या.

"सांग बाळ, यातली लांब कोणती?"

चिमणीने बाईंनी शिकवल्याप्रमाणे दोन्हींचे एकेक टोक फरशीच्या रेघेवर ठेवले आणि दुसऱ्या टोकाकडे बघितले. "जुनी लांब. नवी आखूड."

"नाही. हीसुद्धा एक मीटर, तीसुद्धा एक मीटर. दोन्ही सारख्या."

"मग ही एवढी उरली कशी?"

साहेबांनी थोडा विचार केला. "तो भाग अनधिकृत आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला : 'लांबीची तुलना – जमत नाही.' शेजारच्या मुलाने दोन्ही पट्ट्यांकडे न बघताच 'सारख्या' म्हणून सांगितले. त्याला 'उत्तम' मिळाले. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. आपण शिकवलेले जिला सगळ्यांत नीट समजले तीच नापास झाली, हे त्यांना दिसत होते. पण नोकरीत कायम होण्याचा त्यांचा कागद साहेबांच्याच टेबलावर होता.

त्यानंतर आरोग्य तपासणी आली. परिचारिकेने नव्या पट्टीवरून भिंतीवर खुणा केल्या आणि एकेक पोराला उभे केले. एकशे बारा सेंटिमीटरची चिमणी एकशे चाळीस भरली. सगळा वर्ग असाच तरारून वाढला. आकडे वर गेले, तसे वरून पत्र आले : मुलांच्या उंचीत एकाच सत्रात पंचवीस टक्के वाढ झाली असून ती मधल्या सुट्टीतल्या खाऊमुळेच झाली आहे. शाळेला 'आदर्श वाढ' पुरस्कार जाहीर झाला. मुख्याध्यापकांनी सत्कारासाठी नवा कोट शिवायला टाकला. शिंप्याला मात्र त्यांनी त्याच्याच टेपने माप घ्यायला सांगितले.

बाईंची सगळी भिस्त आता पालकसभेवर होती. कागदावरचा व्हरांडा कितीही होवो, आपल्या पोराच्या बाबतीत आईबापांना कोण फसवणार? सभेत त्यांनी जमा न करता ठेवलेली एक जुनी पट्टी टेबलावर ठेवली, शेजारी नवी ठेवली आणि सगळे सांगितले. शांतपणे, काही न लपवता.

मग बँकेत असलेले एक वडील उभे राहिले. "म्हणजे तुमचं म्हणणं, आमचा मुलगा वाढला नाही?"

"वाढलाय, पण एवढा नाही."

"आम्ही सगळ्यांना सांगून बसलोय बाई."

"आमच्या सासूबाईंनी तर फोटो पाठवला सगळीकडे," मागून एक आई म्हणाली.

तेवढ्यात चिमणीची आई उठली. ती घरी शिवणकाम करायची. "माझ्या टेपवर ती एकशे बाराच भरते," ती म्हणाली.

"तुमची मुलगी असेल आखूड," बँकेतले वडील म्हणाले, "आमची वाढलीत." मग ठराव मांडला गेला. नवी पट्टी कायम ठेवावी आणि पालकांमध्ये संभ्रम पसरवणाऱ्या बाईंना समज द्यावी. हात भराभर वर झाले.

सभा संपल्यावर चिमणीची आई सही करायला टेबलापाशी आली. नोंदवहीत तिच्या मुलीच्या उंचीचा रकाना अजून रिकामा होता. तो एकच बाईंनी भरायचा ठेवला होता.

"एकशे चाळीस लिहा बाई," ती म्हणाली.

"तुम्ही आत्ताच तर…"

"घरी मी टेपनंच मापणार. फ्रॉक अंगात जायला हवा ना. पण इथं सगळी वाढलेली असताना माझी एकटीच एकशे बाराची कशाला? तिला इथंच दहा वर्षं काढायचीत."

बाईंनी लिहिले. एक, चार, शून्य. हात जरासुद्धा अडखळला नाही, याचेच त्यांना घरी जाताना वाईट वाटत राहिले. महिनाभराने त्या नोकरीत कायम झाल्या. 'लांब आणि आखूड' हा पाठ अभ्यासक्रमातून काढून टाकण्यात आला. त्याच्या जागी 'सगळे सारखे' नावाची कविता आली. पोरे ती चालीवर म्हणतात, छान म्हणतात.

नव्या पट्ट्या आता सगळ्याच शाळांत गेल्या आहेत. तुमच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकातही मागच्या महिन्यात उंचीचा नवा आकडा आला असेल. तो बघून तुम्ही पट्टी मागितली होती, की फोटो काढून नातेवाइकांना पाठवला होता?