पाणवठ्यावरचं अनावश्यक पद

एका जंगलात, सकाळी सव्वासहा वाजता, पाणवठ्याच्या उत्तर काठावरून बिबट्याने एक चितळीण नेली. तिचं नाव रेवती. काठावर तेव्हा एकवीस चितळं पाणी पीत होती. जांभळाच्या झाडावर कोणी नव्हतं.

मुलांनो, बिबट्यावर रागावू नका. त्या सकाळी आपलं काम चोख करणारा तो एकटाच होता.

आता दोन महिने मागे जाऊ.

रेवतीची मोठी बहीण वेणू 'कोल्हे आणि मंडळी, सल्लागार' इथे नोकरीला होती. नोकरी छान होती. कोवळं गवत बसल्या जागी यायचं. गळ्यात नावाचा पट्टा असायचा. परक्या जंगलांत फिरायला मिळायचं, आणि तिथले वाघसुद्धा तिचं ऐकत माना डोलवायचे. आई कळपात सांगत सुटली होती, "आमची वेणू मोठमोठ्यांना अक्कल शिकवते."

तोटा म्हणाल तर एकच नियम. अहवाल दिला की ते जंगल सोडायचं. पुढे काय झालं, ते विचारायचं नाही. आजवर वेणूला तोही फायदाच वाटत होता.

मग काम आलं ते तिच्याच जंगलातून. सिंहमहाराजांना कारभार सुटसुटीत करायचा होता. वेणू वही घेऊन पाणवठ्यावरच्या जांभळाखाली गेली. वर दगडू वानर बसला होता. बिबट्या दिसला की खॅक-खॅक ओरडायचं, एवढंच त्याचं काम.

"काका, तीन वर्षांत बिबट्याने इथून किती जणांना नेलं?"

"एकालाही नाही," दगडू छाती फुगवून म्हणाला. "लिही, पोरी. ठळक लिही."

तिने ठळक लिहिलं.

कोल्हेसाहेब वही वाचून खूश झाले. "तीन वर्षांत शून्य. म्हणजे बिबट्याचा धोकाच नाही. मग हा वर बसून करतो काय?"

"साहेब, तो बसतो म्हणूनच शून्य आहे."

"आपल्या तक्त्यात तसा रकाना आहे?"

"नाही."

"मग?"

"साहेब, माझी बहीण तिथे पाणी पिते."

"म्हणूनच सांगतो, भावनेत अडकू नकोस. तुला पथकप्रमुख करायचंय मला. उमटव ठसा."

वेणूने 'वानराचं पद अनावश्यक' या शेऱ्याखाली खुराचा ठसा उमटवला.

दगडूला मोहाची फुलं मोजायला पाठवलं. जाताना त्याने विचारलं, "वेणू, मी खरं सांगितलं, ते चुकलं का गं?" वेणू पट्टा सारखा करत राहिली.

जांभळाच्या खोडावर पाटी लागली: 'सतर्क राहा'. अक्षर सुरेख होतं. कळपात वाचता येणारी एकटी वेणू. ती नियमाप्रमाणे दुसऱ्या जंगलात निघून गेली होती.

त्यानंतरची सव्वासहाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

सिंहमहाराज म्हणाले, "मी फक्त सल्ला मानला." कोल्हेसाहेब म्हणाले, "आम्ही फक्त सल्ला दिला." चौकशीचं काम कोल्हे आणि मंडळींनाच मिळालं, कारण त्या पाणवठ्याचा अभ्यास दुसऱ्या कोणाचा नव्हता. पथकप्रमुख झाली वेणू.

अहवाल घेऊन ती साहेबांच्या बिळापाशी गेली. तिथे ती पहिल्यांदाच जात होती. वरून कोणीतरी खॅक-खॅक ओरडलं. पिंपळावर एक वानर बसला होता.

"घाबरू नका, बाई," तो म्हणाला. "ओळखीच्या दिसला नाहीत, म्हणून ओरडलो. सात वर्षं आहे मी इथे. बिबट्यासाठी ठेवलंय मला."

"या सात वर्षांत आला कधी?"

"मी असताना कसा येईल?"

वेणू तिथेच खाली बसली आणि अहवालात तिने एक प्रश्न वाढवला.

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी सल्लागारच व्हा. गवत कोवळं असतं, आणि आपल्या चुकीची चौकशी करायलाही आपल्यालाच बोलावतात. फक्त आपल्या बहिणीचा पाणवठा आधी बदलून घ्या. वेणूचा प्रश्न होता, 'साहेबांच्या बिळावरचा वानर अनावश्यक का ठरला नाही?' तो अहवालाच्या शेवटच्या पानावर आहे. त्याखालची जागा आजही कोरी आहे.