सातातले चार

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत एका पैलवानाने दुसऱ्याला चितपट केलं. हलगी कडाडली, फेटे उडाले, आणि तेवढ्यात आमचे शेजारी गुरसिद्ध मास्तर धोतराचा सोगा सावरत फडात उतरले. पंचांना म्हणाले, "ही एक झाली. अजून सहा राहिल्यात की."

पंचांना वाटलं, हा हरलेल्याचा नातेवाईक असावा. जिंकलेला पैलवान अंगावरची माती झाडत म्हणाला, "मास्तर, मला सांजच्याला मोडनिंबला परत जायचंय." मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "जावा की. उद्या या. एका झटापटीनं कुटं काय ठरतंय?" शेवटी मीच त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. शेजारी म्हणून जन्माला आलं की अशी कामं करावी लागतात.

मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी एका अमेरिकन पाद्रीसाहेबाला मराठीचे धडे द्यायचे. साहेब किती मराठी शिकला कोण जाणे. मास्तरांना मात्र त्याने बेसबॉलचं वेड लावलं. खेळायचं नव्हे. मास्तरांनी तो दांडा जन्मात हातात धरला नसेल. वेड होतं ते त्या खेळात विजेता कसा ठरवतात याचं.

"तिकडं दोन आळ्या हायत असं धर," ते मला सांगायचे. "उन्हाळाभर सगळे संघ आपापल्या आळीत खेळत्यात. मग दोन्ही आळ्यांतले पहिले समोरासमोर. सात सामने. ज्यानं चार जिंकले तो साऱ्या जगाचा विजेता."

"जगात आणखी कोण खेळतं हा खेळ?"

"लई कुणी न्हाई," मास्तर बिनदिक्कत म्हणाले.

हे खेळाडू पगारी असतात, हे कळल्यावर आळीतल्या म्हाताऱ्यांनी त्या देशाची आशाच सोडली. खेळायला पगार! आम्ही भोंगा वाजल्यावर मिलकडे पळत सुटायचो आणि पगाराच्या दिवशीही हसू येत नसे.

साहेबाकडे तिकडची वर्तमानपत्रं बोटीने यायची. त्यामुळे आश्विनातले सामने आमच्या आळीत मार्गशीर्षात व्हायचे. मास्तर रोज एकाच सामन्याचा अंक वाचायचे. पुढचं काही सांगायचं नाही, अशी त्यांनी साहेबाला शपथ घातली होती. साहेबाला निकाल माहीत असायचा, आणि तो बिचारा धड्याला ओठ घट्ट मिटून बसायचा. नळावर बायका विचारायच्या, "मास्तर, किती?" मास्तर गंभीरपणे सांगायचे, "दोन-एक." कोण दोन आणि कोण एक, हे कोणी विचारत नसे.

एके वर्षी म्हणे एका आळीचा विजेता म्हणाला, दुसऱ्या आळीतले आमच्या तोलाचे नाहीत, आम्ही खेळत नाही. त्या वर्षी सामने झालेच नाहीत. ही गोष्ट सांगताना मास्तरांचा आवाज घरातलं माणूस गेल्यासारखा व्हायचा. "हरले असते तरी चाललं असतं," ते म्हणायचे. "पण खेळायलाच न्हाई आले."

हीच रीत त्यांनी सगळीकडे लावली. चहा कोणी पाजायचा यावर सात वेळा नाणं उडायचं, तोवर चहा निवायचा. शुद्धलेखन ते सात दिवस घालायचे आणि चार दिवस चुकेपर्यंत कोणाला नापास म्हणायचे नाहीत. त्यांच्या वर्गातली मुलं भलतीच आशावादी निघाली.

मात्र मास्तरांच्या स्वतःच्या घरात चूल पेटवायला कोणी नव्हतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि त्यावरून त्यांच्या आईने एकदा चार बायकांदेखत त्यांच्या बायकोला, निलव्वाला, नको ते सुनावलं. मास्तर तिथेच वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यांच्या तोंडून ब्र निघाला नाही. निलव्वा पंचमीला कुंभारीला माहेरी गेली ती परतली नाही. पुढे म्हातारी वारली, तरीही नाही.

मास्तर आणायला गेले. सासऱ्यांनी ओट्यावर बसवून ताक पाजलं आणि सांगितलं, "पाठवत न्हाई." मास्तर एकटेच परत आले. आम्ही हळहळलो तर उलट आम्हालाच म्हणाले, "एकदा हरल्यानं काय हुतंय? अजून सामने हायत." दिवाळीला गेले, तेच. संक्रांतीला गेले, तेच. तिसऱ्या खेपेनंतर मात्र त्यांना कोणी हसेना. सातातले चार हा हिशेब एव्हाना आळीत सगळ्यांना पाठ झाला होता. मास्तरांनीही कुंभारीचं नाव काढणं सोडलं.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या विणकरांच्या पेठेशी आमचे हुतूतूचे सामने लागले. रीत मास्तरांचीच, पंचही मास्तरच. पेठेने आम्हाला चौथ्यांदा हरवलं आणि साखर वाटली. मास्तरांनी साखर तोंडात टाकली, उभे राहिले आणि म्हणाले, "अजून निकाल लागलेला न्हाई. सामने नऊ. पाच जिंकायला पायजेत."

पेठेचा म्होरक्या उसळला. "आँ? आता साखर खाल्ली की तुमी!"

"तिकडं पयला पयला नऊच हुते. मधी तीन वर्सं पुन्ना नऊ केले हुते. साहेबाला इचारा."

मारामारीच व्हायची. मी मास्तरांना खेचत घरी आणलं आणि वाट्टेल ते बोललो. पराभव आमच्या आळीचा होता, पण लाज मला मास्तरांची वाटत होती. ज्याने एका नाण्याचीही लबाडी केली नाही, त्याने ऐन वेळी नियम फिरवावा?

मास्तर खाली बघत म्हणाले, "काल कुंभारीला गेलो हुतो."

मी मनातल्या मनात खेपा मोजल्या. ही चौथी.

संध्याकाळी पेठेत जाऊन मी म्होरक्याला सारं सांगितलं. तो म्हणाला, "बरं. नऊ तर नऊ."

पुढच्या खेपेला मास्तरांबरोबर मी टांग्यातून गेलो. हीसुद्धा खेप फुकट गेली तर त्यांना सांगायला आणखी कुठलाही नियम उरला नव्हता. कुंभारीत तोच ओटा, तेच ताक. सासरे शांतपणे म्हणाले, "मास्तर, कशाला पायपीट करताय? आमचं ठरलंय." मास्तरांनी भांडं खाली ठेवलं, टोपी घातली. उठणार तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"इतक्यांदा आलात. दर खेपेला अप्पाशीच बोललात. मला एकदा तरी हाक मारली का?"

दोन आळ्यांचा सगळा इतिहास तोंडपाठ असलेल्या या माणसाला, आपला सामना कोणाशी आहे, हेच कधी सुचलं नव्हतं.

त्यांनी टोपी काढली. दाराकडे तोंड केलं आणि घरात बोलत तसे कानडीत बोलू लागले. आईपुढे आपण गप्प बसलो, तिथे बोलायला हवं होतं, असं काहीसं. मला सगळं कळलं नाही. "तप्पायतु" तेवढं कळलं. चुकलं माझं, एवढं कानडी सोलापुरात कोणालाही येतं. ते तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. सासरे ओट्याच्या कडेला बसून जमिनीकडे बघत होते.

"आज न्हाई," मग निलव्वा म्हणाली. "सोमवारी गाडी घेऊन या. आनि घर झाडून ठेवा."

मास्तरांनी मान हलवली. सासऱ्यांच्या पाया पडले, टांग्यात येऊन बसले, आणि टांगा गावाबाहेर पडल्यावर धोतराच्या सोग्यात तोंड घालून ढसाढसा रडायला लागले. टांगेवाल्याने घोडा हळू केला आणि दबक्या आवाजात मला विचारलं, "कोन गेलं वं त्यांचं?"

मी सांगणार, त्याआधी मास्तरच म्हणाले, "गेलं न्हाई. सोमवारी येनार हाय."